मुदत

बँकेचा मेल आला रात्री अकरा दहाला,
मी उद्याची मटकी भिजत घालत होते.
हप्ता वाढलेला नाही, काळजी नसावी, असं वर;
खाली, बारीक अक्षरांत,
दोनशे चाळीस महिन्यांचे दोनशे शहाण्णव झालेले.

ओले हात गाउनला पुसून मी बोटांवर मोजलं.
कंपनी मला अठ्ठावन्नला सोडणार,
बँक बासष्ट वर्षं आठ महिन्यांनी.
एवढा भरवसा माझ्या तब्येतीवर
आईनेही कधी दाखवला नाही.

दर चढला की पत्र त्याच रात्री येतं.
दर उतरला की अर्ज करावा लागतो,
तोही शाखेत जाऊन, जेवणाच्या सुट्टीनंतर.

तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी बिलं करते.
शेजारच्या फाटकातून कांदा कितीला सुटला, मला ठाऊक असतं.
सकाळी बावीस.
संध्याकाळी कामोठ्यात, आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर, चाळीस.
मधल्या अठरा रुपयांना तोंड नसतं,
भांडणार कुणाशी?
मी अर्धा किलो घेते. गल्ल्याजवळचा स्पीकर
मोठ्यांदा सांगतो, वीस रुपये मिळाले.
पूर्वी आपली तंगी
निदान शेजाऱ्यांपासून लपायची.

यशोधनचा ओव्हरटाइम दसऱ्यापासून बंद.
तो तसं बोलला नाही. फक्त रबाळ्याहून
साडेसहाला घरी येऊ लागला,
आणि मी आनंद झाल्यासारखा चहा टाकला.

या महिन्यात भिशीची चिठ्ठी माझ्या नावाची निघाली.
बारा जणी, पाच-पाच हजार, मढवीकाकूंच्या हॉलमध्ये.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरची त्यांची इमारत.
काकू म्हणतात, तुझ्या सोसायटीचं पार्किंग आहे ना,
तिथं आमची भाताची खाचरं होती.
कर्ज नव्हतं, हप्ता नव्हता, मुदतपण नव्हती.
एक दिवस नोटीस आली, तेवढंच.
मग त्यांनी नोटा दोनदा मोजल्या,
बोटाला थुंकी न लावता.

रात्री मोबाइलवर हिशेब मांडला.
आज साठ हजार भरले
तर तिकडच्या टोकाचे
जवळपास बारा महिने गळून पडतात.
म्हणजे माझं बासष्टावं वर्ष
विकायला ठेवलंय, साठ हजारांत,
आणि गिऱ्हाईक मीच.
इतकी वर्षं मार्केटात काढली,
असा माल पाहिला नव्हता.

तेवढ्यात ऋजुता आली. क्लासचा दुसरा हप्ता,
चाळीस, शनिवारपर्यंत.
तिनं मागितले नाहीत, नुसतं सांगितलं,
आणि लगेच म्हणाली,
नाहीतर मी व्हिडिओ बघून करते, चालतं.

'चालतं' हा शब्द या घरात फार वापरून झालाय.
सोफ्याला चालतं, दाढेला चालतं,
यशोधनच्या चष्म्याच्या दांडीला तर
गेली दोन वर्षं चालतंय.
तिच्या तोंडी तो मला नको होता.

चाळीस तिकडे गेले.
उरलेले वीस घेऊन मी अर्धी रजा टाकली.
काउंटरवरचा मुलगा म्हणाला,
मॅडम, एवढ्यानं काय होणार?
मी म्हटलं, मुदत कमी करा, हप्ता नको.
आणि तसं लिहून द्या.

चार महिने सुटले.
शेवटचा हप्ता ऑक्टोबरचा होता, आता जूनचा.
म्हणजे त्या वर्षी गणपती बसतील
तेव्हा घराचे कागद घरात असतील,
कपाटात, साड्यांखाली,
आणि मी बासष्टची,
भिंतीत खिळा ठोकताना
पहिल्यांदाच कुणाची आठवण काढणार नाही.

अर्थात, मधल्या एखाद्या रात्री
अकरा दहाला
काही आलं नाही तर.